वही कोणाच्या हाती?

कचेरीत वीस वर्षे नोंदवह्या सांभाळल्या, म्हणून ब्लॉकचेन मला वहीच वाटते. फक्त तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. बिटकॉइनच्या वहीत नवे पान साधारण १० मिनिटांनी लागते, सेकंदाला जेमतेम ७ व्यवहार, आणि गर्दी झाली की शुल्क चढते. पण तिची प्रत साध्या संगणकावरही राखता येते. सोलानाचे पान अर्ध्या सेकंदाच्या आत, शुल्क नगण्य. मात्र राखणीला महागडे संगणक हवेत, म्हणून राखणदार कमी. फेब्रुवारी २०२४मध्ये ते जाळे सॉफ्टवेअरच्या दोषाने सुमारे ५ तास बंद होते.

चहाच्या पैशांना सोलाना चालेल. पण आमच्या गोव्यात जमिनीच्या वादात आजही पोर्तुगीजकालीन नोंदी काढाव्या लागतात. तसल्या नोंदीला मी संथ वहीच निवडीन.