हवा किती हवी?

जी वस्तू फुकट मिळते तिचा हिशेब मनुष्य ठेवीत नाही. हवेचेही तसेच आहे. डोंगरात सायकल घेऊन जाणारी आमची तरुण मंडळी गिअर किती असावेत, ब्रेक तारेचे बरे की तेलाचे, यावर चहाचे चार कप थंड होईपर्यंत वाद घालतील. पण टायरांत हवा किती आहे, असे विचारा. ती अंगठ्याने चाक दाबून दाखवतील आणि मोठ्या अभिमानाने म्हणतील, "फुल्ल आहे की!"

या 'फुल्ल'मध्येच सारी गोम आहे. घट्ट ते चांगले, अशी आपली एक समजूत आहे. ढोलकीला ती लागू पडते, खाटेच्या नवारीलाही पडते. डोंगरवाटेवरच्या टायराला मात्र ती मुळीच लागू पडत नाही.

खरे म्हणजे हवेचे टायर जन्मास आले तेच मुळी मऊपणासाठी. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप हा व्यवसायाने गुरांचा डॉक्टर. आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडते, म्हणून त्याने चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. पुढे डांबरी सडका आल्या, शर्यती आल्या, आणि हवा म्हणजे वेग असे समीकरण होऊन बसले. त्या बापाला पोराचे हादरे वाचवायचे होते, हे आपण विसरलो.

डोंगरी सायकलींचा इतिहासही हेच सांगतो. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतर आणि सुमारे १३०० फुटांची उतरण! त्या सायकली नव्या नव्हत्या. जुन्या, अवजड, दोन इंचांहून जाड फुगीर टायरांच्या होत्या. मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस उतरताना जळून जाई आणि दर खेपेस नवे भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. बारीक टायरांच्या झुळझुळीत सायकली त्यांना मिळत नव्हत्या असे नाही. पण त्या वाटेवर टिकाव धरला तो जाड टायरांनी.

आता थोडा हिशेब मांडू. सत्तर किलोंचा मनुष्य आणि त्याची सायकल मिळून मागच्या चाकावर अंदाजे ११० पौंड भार येतो असे धरा. दर चौरस इंचाला ५० पौंड या दाबाने हवा भरली, तर ढोबळ मानाने टायराचा सव्वादोन चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. म्हणजे आगपेटीहूनही लहान! तोच दाब २५ वर आणला की टेकणारा भाग दुप्पट होतो. सारी पकड, सारा ब्रेक आणि वळणावरचे सारे धैर्य या एवढ्याशा जागेवर उभे असते. घट्ट टायर दगडावर आपटले की उसळते, आणि चाक हवेत असताना ब्रेक कोणाला लावणार? मऊ टायर दगडाला पोटात घेते व पुढे जाते. खडबडीत जमिनीवर म्हणूनच ते पुष्कळदा वेगानेही धावते. कारण घट्ट टायरावर तुमची अर्धी शक्ती अंग वरखाली हादरण्यातच खर्ची पडते.

गेल्या वर्षी माझा एक माजी विद्यार्थी सह्याद्रीतल्या अशाच एका उतारावर पडला. टायरांत पन्नास पौंड हवा होती. सुट्या खडीवर पुढचे चाक उसळले, बाजूला सरकले आणि त्याचे हासळीचे हाड मोडले. हाड सहा-सात आठवड्यांत सांधले; धीर मात्र सांधेना. उतार दिसला की त्याचे हात हँडलवर आवळले जात. इकडे आईने सायकल विकायला काढली होती. गिऱ्हाईकही येऊन बघून गेले होते.

"सर, पण टायर घट्ट असले की सायकल पळते ना?" त्याने मला विचारले.

"पळते, सडकेवर. तू पडलास कुठे?"

"उतारावर."

"मग विकण्याआधी एक रविवार मला दे."

आम्ही गावाबाहेरचा एक लहानसा उतार निवडला. थोडे काळे दगड, थोडी खडी, एक वळण. त्याचे टायर बिनट्यूबचे, सव्वादोन इंचांहून थोडे रुंद. पुढे २७ आणि मागे ३० पौंडांवर आरंभ केला. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तिथे दोन-तीन पौंड जास्त ठेवायचे. एकदा उतरायचे, दोन्हींतून दोन-दोन पौंड सोडायचे, पुन्हा त्याच वाटेने उतरायचे. २५ व २८, २३ व २६, २१ व २४. दर खेपेस त्याचे खांदे थोडे सैल होत गेले. १९ व २२ वर मात्र एका दगडावर रिमचा 'ठक्क' असा आवाज आला. तो आवाज म्हणजे खालची हद्द. लगेच दोन पौंड वाढवले. पुढे २१, मागे २४, हा त्याचा आकडा ठरला. त्या आकड्याने तो सहा वेळा उतरला. सहाव्या वेळी मी खाली उभा असल्याचेही त्याच्या ध्यानात नव्हते.

सायकल विकली गेली नाही, हे सांगायला नकोच.

परंतु वाचकहो, हा आकडा त्याचा आहे, तुमचा नव्हे. वजन दहा किलोंनी जास्त असेल तर पौंड-दोन पौंड वाढवा. आत ट्यूब असेल तर तीन ते पाच पौंड अधिक ठेवा, नाहीतर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते व सर्पदंशासारखी दोन भोके पडतात. बिनट्यूबच्या टायराला ही भीती नाही. त्यातला चिकासारखा द्रव बारीक भोके स्वतःच बुजवतो. पण हवा फारच कमी केली तर वळणावर टायर रिमपासून क्षणभर सुटते आणि भस्सकन हवा सोडते. इंग्रज लोक याला टायराने ढेकर दिला असे म्हणतात. तेव्हा मऊपणालाही मर्यादा आहेच. टायराच्या अंगावर छापलेला मोठा आकडा ही केवळ वरची सीमा असते. तो सल्ला समजू नये. आणि अंगठ्यावर विसंबू नका. साधे मापक घ्या व नेहमी तेच वापरा. दोन मापकांचे एकमेकांशी पटेलच असे नाही.

दिवाळीनंतर पहाटे गारठा पडू लागेल. दहा अंशांनी थंडी वाढली की टायरातला दाब सव्वा पौंडाच्या आसपास आपोआप उतरतो. फराळाने आपले वजन वाढलेले आणि हवेचा दाब घटलेला, असा हा दुहेरी योग आहे. म्हणून डोंगराकडे निघण्यापूर्वी दोन मिनिटे चाकांपाशी बसा. घरच्यांना तुम्ही किती वेगाने उतरलात यापेक्षा धडपणे परत आलात याचा आनंद अधिक असतो.