पहिले हजार प्रोबेशनचे!

शोरूममध्ये गाडीवरचं कापड दूर होतं, टाळ्या पडतात, पेढे फिरतात. आई गाडीला हळदकुंकू लावते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. सारसबागेतल्या गणपतीला गाडी दाखवून झाली, की मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतंच, ‘चल, आता पळवून दाखव!’

इथेच थांबा, बॉस. हे वाक्य मला चांगलंच महागात पडलंय.

2014च्या दसऱ्याला मी पहिली कार घेतली. पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षांचं लोन, पगाराचा मोठा लचका तोडणारा ईएमआय. घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पाच जण गोव्याला निघालो. मीटरवर जेमतेम साठ किलोमीटर. निघताना बाबा गेटपर्यंत आले. ‘पहिले हजार किलोमीटर जरा सांभाळून हाण रे. इंजिन सेट होऊ दे.’

बाबांचा अनुभव होता प्रीमियर पद्मिनीचा. तेव्हा नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ असा स्टिकर असायचा. म्हणजे, ‘आम्ही हळू जाणार, तुम्ही पुढे व्हा.’ चाळीसच्या वर काटा गेला की बाबांचा जीव खालीवर. मी हसलो. ‘बाबा, फियाटचा जमाना गेला!’

बाबा काही बोलले नाहीत. आम्ही कोल्हापूरपर्यंत पाचव्या गिअरमध्ये शंभरच्या खाली उतरलो नाही. मग पाच जण, पाच बॅगा आणि फुल्ल एसीसकट आंबोली घाटातून आलो-गेलो, तेही ॲक्सिलरेटर तळाला दाबून. धमाल आली!

बिल आलं वर्षभरानंतर. गाडी ऑइल प्यायला लागली. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर गायब. मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, रिंगा नीट बसलेल्या दिसत नाहीत.’ तो गोव्याचा दौराच कारणीभूत होता, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण चौथ्या वर्षी गाडी विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने सायलेन्सरमधला निळसर धूर बघितला आणि भाव असा पाडला, की आलेले सगळे पैसे उरलेलं लोन फेडण्यातच गेले.

आत नेमकं काय चालतं?

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली पळतो आणि त्याच्याभोवती धातूच्या रिंगा असतात. स्फोटाचा दाब वर अडवणं आणि ऑइल खालीच ठेवणं, हे त्यांचं काम. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. फॅक्टरीत तिच्यावर मुद्दाम बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढलेल्या असतात. ऑइल त्यांच्यात टिकतं. सुरुवातीच्या प्रवासात रिंगा आणि भिंत एकमेकांना घासून अगदी बारीकशी झिजतात आणि एकमेकांत चपखल बसतात. हेच ते ‘सेट होणं’.

आता गंमत बघा. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. म्हणजे इंजिनवर थोडा भार पडायलाच हवा. गाडी फुलासारखी जपत चालवली, तर रिंगा बसायच्या आधीच भिंतीला चकाकी येऊ शकते. उलट पहिल्याच आठवड्यात पिळून काढली, तर न घासलेल्या उंचवट्यांवर नको तेवढी उष्णता होते आणि ओरखडे पडू शकतात. थोडक्यात, बाबांची चाळीस अर्धी चूक आणि माझी शंभर पूर्ण चूक!

आपल्या भाषेत सांगायचं तर हे इंजिनचं प्रोबेशन. नव्या पोराला बॉस सहा महिने नुसत्या झेरॉक्स काढायला लावत नाही. लावलं तर तो काहीच शिकणार नाही. पण पहिल्याच सोमवारी अख्खं प्रोजेक्टही त्याच्या गळ्यात मारत नाही. थोडं काम, मग थोडं जास्त, मध्ये चहा. इंजिनला हेच हवं असतं.

‘पण आजकालच्या गाड्यांना याची गरज नसते’ हे तुम्हाला शोरूममध्येही ऐकायला मिळेल. अर्धं खरं आहे. आता पार्ट्स कितीतरी अचूक बनतात, ऑइलही सुधारलंय. म्हणून तर चाळीसची शिक्षा संपली. पण ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल उघडा (हो, तेच, प्लास्टिकच्या पिशवीतलं!). पहिल्या हजारएक किलोमीटरसाठी काय टाळायचं, ते आजही बऱ्याच कंपन्या त्यात लिहितात.

मग चालवायची कशी?

वेग बदलता ठेवा. एकाच स्पीडला तासन्‌तास हायवे नको, क्रूझ कंट्रोल तर नकोच. ॲक्सिलरेटर तळाला लावू नका. पेट्रोल गाडीचा आरपीएमचा काटा साधारण दोन ते साडेतीन हजारांत फिरू द्या, डिझेलचा त्याहून खाली. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच खरा.

चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रडतखडत, थरथरत ओढू नका. तोही इंजिनवर अत्याचारच. सकाळी स्टार्ट करून दहा मिनिटं जागेवर गरम करत बसू नका, निघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा. फुल्ल लोड आणि मोठे घाट हजारनंतर.

ऑइल बघायला शिका. नवं इंजिन सुरुवातीला थोडं जास्त ऑइल घेऊ शकतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, बघा. दोन खुणांच्या मध्ये लेव्हल असली की झालं. लवकर ऑइल बदलण्याची घाई मात्र नको. पहिल्या फ्री सर्व्हिसला बरेचदा नुसती तपासणी असते.

टायर आणि ब्रेक विसरू नका. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, नव्या ब्रेक पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो. पहिले तीनेकशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा. इलेक्ट्रिक कारवाल्यांनो, तुम्हाला पिस्टन नाही, पण हा नियम तुम्हालाही!

आता तुम्ही म्हणाल, आमचे हजार किलोमीटर तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच संपणार. तिथे इंजिन तासभर नुसतं गुरगुरतं, त्याला काम कुठे मिळतं? त्यावर उपाय रविवारचा. गेल्या वर्षी दुसरी गाडी घेतली, तेव्हा मी सकाळी सहाला बाबांना शेजारी बसवून चांदणी चौकातून मुळशीच्या रस्त्याला लागायचो. भूगाव, पिरंगुट, पौड. थोडा चढ, थोडा उतार, गावात हळू, मोकळ्यात सत्तर-ऐंशी. गिअर आपोआप बदलत राहतात. वाटेत चहा-भजी, तेवढ्यात इंजिनला विश्रांती. बाबा दर वेळी बॉनेट उघडायला लावायचे आणि डिपस्टिक पुसायला खिशातून जुन्या बनियनचा तुकडा काढायचे.

पहिल्या गाडीबद्दल ‘मी सांगितलं होतं’ असं ते आजवर एकदाही म्हणाले नाहीत. पाचव्या रविवारी पौडच्या पुढे मीटर 999वरून 1000वर गेला. बाबांनी तो बघितला, सीटवर जरा मागे रेलले आणि म्हणाले, ‘हं... आता जाऊ दे पुढे.’

मी ऐंशीच्या वर गेलो नाही. शेजारी बाबा होते ना!