मुलांच्या डोळ्यांबाबत ‘मोठी झाल्यावर बघू’ चालत नाही

गेल्या ईदला सोलापूरला आपाकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाल्यावर बारा वर्षांची भाची मोबाइल घेऊन शेजारी बसली, तेव्हा लक्षात आलं की ती उजवा डोळा मिटून बघतेय. मध्येच मुठींनी डोळे चोळत होती. विचारलं तर म्हणाली, “मामू, उजव्यानं अक्षरं दोन-दोन दिसतात.” दीड वर्षात तिचा चष्मा तीनदा बदलला होता. दरवेळी बाजारातल्या दुकानात नंबर काढायचा, नवी काच बसवायची, विषय संपला. शाळेत मार्क घसरले त्याचं खापर मोबाइलवर.

पुण्यात तपासल्यावर निदान झालं केराटोकोनस. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, या आजारात पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. त्याचा रंगीत नकाशा काढतात, त्याला टोपोग्राफी म्हणतात. ऑफिसात मी दिवसभर असेच लाल-निळे डॅशबोर्ड बघतो. पण इथला लाल डाग माझ्या भाचीच्या डोळ्यातला होता. कॉर्नियाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते, तिची सर्वांत पातळ जागी ४७० भरली.

डॉक्टरांनी क्रॉस-लिंकिंग लवकर करा म्हणून सांगितलं आणि घरात बैठक बसली. एक मत असं की पोरगी लहान आहे, अठराची झाली की करू. दुसरं मत कुजबुजीत आलं : मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे बाहेर कळलं तर उद्या रिश्ता कसा यायचा? हे बोलणारी माणसं वाईट नाहीत, भाचीवर त्यांचा जीव आहे. तरीही मला स्पष्ट म्हणायचंय की रिश्त्याच्या काळजीपोटी मुलीची नजर पणाला लावणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी काढला नसता.

अठरा वर्षांचा हिशेब येतो तो लेसिकवरून. चष्मा घालवण्यासाठी लेसिक करताना नंबर स्थिर होईपर्यंत थांबतात, ते बरोबरच आहे. पण लेसिकमध्ये कॉर्निया कोरतात, म्हणून केराटोकोनस असलेल्याला ते करतच नाहीत. क्रॉस-लिंकिंगचा हिशेब नेमका उलटा. आजार जितक्या लहान वयात सुरू होतो तितका तो सहसा वेगानं वाढतो, म्हणून मुलांमध्येच घाई करायची असते.

ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात विकसित झाली. माणसांवरचा पहिला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉर्नियावरचा पातळ थर काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालतात आणि मग ठरावीक अतिनील प्रकाश सोडतात. त्यानं आतल्या कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि पडदा ताठ होतो. मूळ पद्धतीत हा प्रकाशही अर्धा तास द्यावा लागतो, नव्या पद्धतींत वेळ कमी लागतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वयोगटातल्या ६० मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दीड वर्षात, क्रॉस-लिंकिंग झालेल्यांपैकी ७ टक्क्यांचा आजार वाढला. ज्यांना फक्त चष्मा-लेन्स दिले त्यांच्यात हे प्रमाण ४३ टक्के होतं.

नेहमीच्या पद्धतीसाठी वरचा थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी उरावी लागते. तो थर असतो साधारण ५० मायक्रॉनचा. भाचीचे ४७० वजा ५० करा. किती उरले ते बघून बैठकीत सगळे गप्प झाले.

ऑपरेशन चमत्कार करत नाही हेही सांगायला हवं. गेलेली नजर त्यानं फारशी परत येत नाही, बिघाड तिथं थांबतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक नाही. चष्मा किंवा कडक लेन्स लागतेच. जंतुसंसर्गाचा, डाग पडण्याचा थोडा धोका असतो, आणि मुलांमध्ये कधी आजार पुन्हा डोकं वर काढतो. भाचीला तीन दिवस सपाटून दुखलं. डोळ्यात फक्त बधिर करणारे थेंब घालून तिनं सगळं निभावलं, खूप लहान मुलांना मात्र पूर्ण भूल द्यावी लागते.

उशिरा पोचणाऱ्यांपैकी काहींना कॉर्नियाचं प्रत्यारोपणच करावं लागतं. लहान वयात ते जास्त अवघड जातं, शरीर नवा पडदा नाकारण्याची भीती वर्षानुवर्षं राहते. आणि तो पडदा येतो मृत माणसाच्या डोळ्यातून. इथं आपल्यापैकी बरेच जण अडखळतात. नेत्रदानाबद्दल आपल्याकडच्या उलेमांमध्ये एकमत नाही हे खरं. पण जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीनं १९८८ मध्येच, मृताची किंवा वारसांची परवानगी असेल तर, असं प्रत्यारोपण जायज ठरवलं, हेही खरं. नेत्रपेढी पडदा देताना घेणाऱ्याचा मजहब विचारत नाही. आपल्या लेकरासाठी घ्यायची वेळ आली तर आपण घेणार, मग द्यायच्या वेळी मागे का सरतो? चेहरा विद्रूप होत नाही, काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं, मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत व्हावं लागतं. दफनाला त्यानं उशीर होत नाही.

मी फॉर्म भरलाय. नुसत्या फॉर्मनं भागत नाही, वेळ येईल तेव्हा संमती घरच्यांची लागते, म्हणून बायकोला सांगून ठेवलंय. अम्मी अजून विचार करतेय.

भाचीच्या डाव्या डोळ्याची तपासणी दर तीन महिन्यांनी असते. हा आजार घराण्यात असू शकतो म्हणून धाकट्या भाच्याचीही टोपोग्राफी करून घेतली, त्याचं सध्या ठीक आहे. तिला अॅलर्जीचे थेंब चालू आहेत. डोळे चोळताना दिसली की तो ओरडतो, “आपी, हात खाली!”