पुलाखालची पँट

मी पँटीच्या बाजूनं. पुलाच्या नाही आणि विलायती कॅमेऱ्याच्या तर नाहीच नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी कॉम्रेड किंवा कुणी सदाशिवपेठी रसिक माझ्या पाठीवर थाप मारायला येणार नाही.

प्रकरण असं. १९७२ साली चीन सरकारनंच आवतण देऊन आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाला बोलावलं. हा गडी कॅमेरा घेऊन बीजिंग, सूचौ, नानचिंग, शांघाय फिरला. सायकली, चहाची दुकानं, कारखाने, हातगाड्या, रस्त्यावर कवायत करणारी म्हातारी माणसं. साडेतीन तासांचा चित्रपट केला, नाव 'चुंग कुओ', म्हणजे नुसतं चीन. नानचिंगला यांगत्से नदीवरचा मोठा पूल त्यानं खालून घेतला. आणि पुलाखाली कुणीतरी दोरीवर वाळत घातलेली पँट, तीही घेतली.

झालं. ३० जानेवारी १९७४ ला 'पीपल्स डेली'नं त्याला सोलून काढलं. पूल मुद्दाम वाकडा, डळमळीत दाखवला. पँट दाखवून आमच्या पुलाची टिंगल केली. मग देशभर सभा, निषेध. निषेध करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी चित्रपट बघितलाच नव्हता, ही गंमत वेगळी.

पुलाचा अभिमान मला कळतो. रशियानं हात काढून घेतला तेव्हा चीननं स्वतःच्या भट्टीत पोलाद काढलं आणि १९६८ ला पूल उभा केला, वर मोटारी, खाली आगगाडी. पोलाद काय चीज असते ते गोदीत कॉइल उतरवणाऱ्याला शिकवायला नको. एक साखळी सटकली तर माणसाचा पापड होतो. तेव्हा ज्यांनी तो पूल बांधला त्यांना माझा जयभीम.

पण लेको, ती पँट कुणाची? पुलाखाली दोरी कोण बांधतो? ज्याला गच्ची नाही, अंगण नाही, तो. ज्याच्या नावानं राज्य चाललं त्याचीच ती पँट. नोकराची चड्डी दिसली तर साहेबाची अब्रू जाते, हे समजू शकतो. कामगारांच्या राज्याची अब्रू कामगाराच्या पँटीनं कशी जाते? आमचे इथले कॉम्रेड अजून तोच ढोल वाजवतात : परकी माणसं बदनामी करतात. बदनामी कसली? धुतलेली होती ती! खुद्द बीजिंगमध्ये हा चित्रपट दाखवला गेला तो २००४ साली. तीस वर्षं पँट कोठडीत.

आता रसिकांकडे वळू. यांच्या दिवाणखान्यात कार्तिए-ब्रेसाँचं जाडजूड पुस्तक असतं. डिसेंबर १९४८, शांघाय. कोमिंतांगच्या नोटा रद्दीच्या भावानं चाललेल्या. माणशी ४० ग्रॅम सोनं देणार म्हणून बँकेपुढं रांग. रांग कसली, एकमेकांत पिळलेली माणसं, याचा हात त्याच्या बरगडीत, तोंडं वेडीवाकडी. काही जण तिथंच चेंगरून मेले. आणि आमचा रसिक म्हणतो, काय कंपोझिशन आहे! मी कवी आहे, कंपोझिशन मलाही कळते. फोटो थोर आहे, ब्रेसाँ गर्दीला भिडून उभा आहे, गच्चीवरून बघत नाही, हेही मान्य. पण साल्या, ती आधी महागाई आहे, भूक आहे, पळायच्या बेतात असलेलं सरकार आहे. रोजंदारीचे पास वाटतात तेव्हा फाटकावर आमची कंपोझिशन याहून वेगळी नसते. ब्रेसाँचं नाव तुला पाठ आहे. त्या रांगेतल्या एकाचं तरी नाव सांग.

१९५८ साली तोच ब्रेसाँ परत चीनला गेला. चार महिने, सोबत सरकारी वाटाडे. त्याच वर्षी जानेवारीत हुकोऊचा कायदा झाला. माणसाच्या नावावर शिक्का : हा शेतीवाला, हा शहरी. शहरात रेशन, शाळा, दवाखाना शिक्का बघून. लेकराला शिक्का आईकडून, थेट १९९८ पर्यंत. मी याला जात म्हणत नाही. जातीत विटाळ असतो, पोथी असते, ते इथं नाही. पण जन्मावरून जागा ठरते म्हटलं की आपल्या नाकाला वास येतोच. परक्याच्या फोटोत सायकल येते, सायकलवाल्याच्या खिशातला तो कागद येत नाही. महालक्ष्मीच्या पुलावर उभे राहून धोबीघाटाचे फोटो काढणाऱ्या गोऱ्यांच्या फोटोत धुणाऱ्याची जात येते का?

१८ नोव्हेंबर २०१७. बीजिंगच्या दाशिंग भागात मजूर राहत त्या इमारतीला आग लागली. १९ मेले, त्यात ८ लेकरं. सरकारनं मग 'सुरक्षितते'साठी कडाक्याच्या थंडीत बाहेरून पोट भरायला आलेल्या हजारोंना खोल्यांतून काढलं, वस्त्या पाडल्या. 'खालच्या दर्जाची लोकसंख्या' असा एक शब्द सरकारी कागदांत सापडला. लोक चिडले, तर इंटरनेटवरून तो शब्दच पुसला. बघा, पुन्हा पँटच काढली, दोरीसकट.

ह्वा योंग नावाच्या चित्रकारानं त्या पाडापाडीत जाऊन व्हिडिओ काढले. डिसेंबरात त्याला धरला. हा काही रोमहून आला नव्हता, सरकारनं बोलावला नव्हता.

तेव्हा कॉम्रेड, १९७४ सालची ती शिवी याला कशी बसवणार? आणि रसिकहो, याच्या व्हिडिओतल्या पाडलेल्या खोल्या आणि रस्त्यावर पडलेल्या गोधड्या, टांगता का तुमच्या दिवाणखान्यात?