किनाऱ्यामागची गावे

युरोपच्या सहलीसाठी मध्यमवर्गीय कुटुंब कित्येक वर्षे पैसे साठवीत असते. इतक्या कष्टाने जमविलेली पुंजी कोठे आणि कशी खर्च करावी, हा निर्णय मात्र बहुधा छापील कार्यक्रमपत्रिकेवर सोपविला जातो. दक्षिण स्पेनमधील मालागा प्रांताची सहल या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

भूमध्य समुद्रालगतच्या या प्रदेशाला ‘कोस्ता देल सोल’, म्हणजे सूर्याचा किनारा, असे म्हणतात. वर्षातील सुमारे तीनशे दिवस तेथे ऊन असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपातील लोक या उन्हाच्या ओढीने येऊ लागले आणि तोर्रेमोलिनोससारखी कोळ्यांची वस्ती पाहता पाहता उंच हॉटेलांची नगरी झाली. समुद्र निळा, वाळू उबदार, सोयी उत्तम. तथापि असा किनारा जगात इतरत्रही सापडतो. या प्रदेशाचे स्वत्व किनाऱ्यामागच्या डोंगरांत आहे, आणि त्याच्या वाट्याला सहलीतील जेमतेम एक दुपार येते. हे प्रमाण बदलावयास हवे.

मालागाच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवर नेर्हा हे किनाऱ्यावरचे गाव आहे. १९५९ साली काही मुलांना अकस्मात सापडलेल्या तेथील गुहा प्रसिद्ध आहेत. तेथून सहा-सात किलोमीटर वर चढले की फ्रिहिलियाना लागते. उन्हाचा ताप परतविण्यासाठी चुन्याने रंगविलेली पांढरी घरे, सावली टिकावी म्हणून अरुंद ठेवलेल्या पायऱ्यांच्या गल्ल्या आणि पायांखाली खड्यांची नक्षी असे त्याचे रूप आहे. भिंतींवरील चिनीमातीच्या फरशा १५६९ सालच्या लढाईची कथा सांगतात. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, म्हणजे मोरिस्कोंनी, राजसत्तेविरुद्ध बंड केले आणि याच डोंगरावर त्यांचा पराभव झाला. पराभूतांनी वसविलेल्या गल्ल्या आजही नांदत्या आहेत.

याच गावात मराठी माणसाला एक ओळखीची चव भेटते. उसाच्या रसापासून काकवी बनविण्याची परंपरा येथे शतकानुशतके चालत आली असून वांग्याच्या तळलेल्या कापांवर ती घालून खातात. ऊस येथे अरबांनी आणला. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘असूकार’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘सुक्कर’वरून आला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘शर्करा’ आहे. गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्या माणसाला ही ओळख हॉटेलच्या न्याहारीच्या मेजावर कशी पटावी?

हा वारसा सुरक्षित आहे असे मात्र नाही. दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरील उसापासून साखर बनविणारा शेवटचा कारखाना २००६ साली बंद झाला. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या; उतारांवर आंबा आणि अवाकादो आले. त्यांना पाणी भरपूर लागते. २०२३ सालच्या अखेरीस या भागातील विन्युएला धरणात क्षमतेच्या दहा टक्क्यांहूनही कमी साठा उरला होता. पुढे २०२४ च्या जूनमध्ये मालागा शहरात हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले. पर्यटकांसाठी घरे भाड्याने दिली जात असल्याने स्वतःला परवडणारे घर मिळत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. पाहुण्यांच्या संख्येइतकाच त्यांचा वावर कसा आहे, याला महत्त्व आले आहे.

गर्दी किनाऱ्यावरून गावांकडे वळविली तर गावेही बिघडतील, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. दुपारी बसमधून उतरून छायाचित्रे काढून परतणाऱ्या पाहुण्यांपासून गावाला गोंगाट अधिक आणि उत्पन्न कमी मिळते. याउलट दोन-तीन रात्री राहणारे कुटुंब तेथेच जेवते, तेथेच खरेदी करते आणि सकाळच्या शांततेत शेजाऱ्यांना नमस्कार करते. त्यातही रहिवाशांची घरे अडविण्यापेक्षा अधिकृत छोट्या अतिथिगृहात उतरणे अधिक न्याय्य होय.

अशा मुक्कामाला थोडी पूर्वतयारी लागते. जुलै-ऑगस्टचा कडक उन्हाळा टाळून मे किंवा ऑक्टोबर निवडावा. ऑक्टोबरात स्थानिक आंबाही बाजारात असतो. दुपारी दोन ते पाचपर्यंत बरीच दुकाने बंद असतात, ही वेळ विश्रांतीची मानावी. वृद्धांसाठी चढ अवघड आहेत; त्यामुळे खोली गावाच्या खालच्या अंगाला घ्यावी. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरो निवडावा, अन्यथा विनिमयाचा दर बहुधा महाग पडतो. लहान दुकानांसाठी काही रोकड जवळ असावी.

किती स्थळे पाहिली हा हिशोब सोपा असतो, म्हणूनच तो मांडला जातो. परंतु वर्षानुवर्षांच्या बचतीचे मोल एका गावाची नीट ओळख होण्यात अधिक आहे. चार दिवसांतील दोन समुद्राला दिले, तर उरलेले दोन डोंगरातल्या गावाला द्यावेत. त्या व्यवहारात पाहुणा आणि यजमान दोघांचाही लाभ आहे.