प्रबंध कोणासाठी?

एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या तीन वर्षांत वॉर्ड, ओपीडी आणि रात्रपाळ्या यांच्या जोडीला एक काम सतत डोक्यावर असते, ते म्हणजे प्रबंध. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे तो वेळेत गेला नाही, तर अंतिम परीक्षेची वाट अडते. नियमानुसार परीक्षेच्या किमान सहा महिने आधी तो सादर करावा लागतो. किमान तीन परीक्षक तो तपासतात, त्यांतले दोन बाहेरचे असतात आणि दोघांनी तरी तो स्वीकारावा लागतो. नियम चांगले आहेत. तरीही प्रबंध म्हणजे परीक्षेआधीची कागदपत्रांची अडचण, अशीच भावना अनेक विद्यार्थ्यांत आणि काही मार्गदर्शकांतही रुजली आहे.

तिचा परिणाम दिसतो. विषय सीनियरच्या जुन्या यादीतून निवडला जातो. शेवटच्या दोन महिन्यांत केसपेपर चाळून आकडे गोळा होतात आणि कमी पडले तर ‘भरले’ जातात. संख्याशास्त्रज्ञाकडे फाइल जाते ती सगळे संपल्यावर. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारेही भेटतात. मजकुराची चोरी पकडणारी संगणकप्रणाली आली, पण ती फक्त उचललेली वाक्ये दाखवते. मनाने रचलेला रुग्ण तिला सापडत नाही.

यात फसवणूक कोणाची होते? परीक्षकाची होतेच, पण त्याआधी संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करणाऱ्या रुग्णाची होते. ‘तुमच्यासारख्या इतरांना उपयोग होईल,’ असे सांगून त्याचे रक्त, वेळ आणि माहिती घेतलेली असते.

प्रबंध खऱ्या प्रश्नातून कसा जन्मतो, याचे जुने उदाहरण कल्याणचे आहे. कल्याणच्या गणपतराव जोशींच्या कन्या आनंदीबाई यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. बाळंतिणीची खोली हा त्यांच्यासाठी यादीतून निवडलेला विषय नव्हता.

कल्याणपासून तीन स्थानके पुढे अंबरनाथ. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. सुरुवात एमबीबीएसच्या शंभर जागांनी झाली. पुढे कधीतरी पदव्युत्तर वर्ग येतील आणि त्यांच्याबरोबर प्रबंधही येतील. त्यांच्या विषयांसाठी लांब जायला नको. मोरिवली गावाला लागून एमआयडीसीतले रसायन कारखाने आहेत. शहरातून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून उल्हास नदीला मिळते. याच वालधुनीत नोव्हेंबर २०१४ मध्ये रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वासाच्या त्रासामुळे रुग्णालयात न्यावे लागले.

मोरिवलीत रासायनिक धुराजवळ काम करणाऱ्या किंवा राहणाऱ्या किती जणांची फुफ्फुसे कमजोर झाली आहेत, हा सरळ प्रश्न घ्या. मोजण्याचे साधन फार मोठे नाही. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री पुरते. पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर येते, ते ती सांगते.

खरी कसोटी आखणीची. प्रबंधांत ‘पन्नास रुग्ण’ हा आकडा वारंवार दिसतो. समजा पन्नास जण तपासले आणि त्रास वीस टक्क्यांना आढळला. गणित सांगते, की खरे प्रमाण साधारण नऊ ते एकतीस टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. एवढ्या ढिल्या उत्तरावर कारखान्याला किंवा नगरपालिकेला काय सांगणार? चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायची असेल, तर सुमारे अडीचशे माणसे लागतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञाकडे पहिल्याच महिन्यात जायचे असते.

दुसरा सापळा कारखान्याच्या फाटकावर आहे. तिथे फक्त कामावर टिकलेले कामगार भेटतात. ज्याला दम लागू लागला, त्याने काम सोडलेले असते. तो घरी किंवा गावी असतो. फाटकावर मोजणी केली, तर धूर निरुपद्रवी असल्याचा निष्कर्षही निघू शकतो. काम सोडलेल्यांना शोधावे लागते. तुलनेसाठी दूरच्या वस्तीतले, त्याच वयाचे लोक घ्यावे लागतात. विडी-सिगारेट आणि घरातली चूल यांची नोंद ठेवावी लागते. पावसाळा आणि हिवाळा दोन्ही ऋतू धरावे लागतात, कारण थंडीत धूर जमिनीलगत साचून राहतो.

संमतीपत्र मराठी आणि हिंदीबरोबर या भागात सिंधीतही हवे. कंत्राटी कामगाराचे नाव मालकापर्यंत पोहोचणार नाही, याची हमी हवी. नैतिकता समितीने नेमके हेच विचारायला हवे. तिचे काम शिक्का मारून संपत नाही.

बाकी सुधारणांना मोठा खर्च नाही. मार्गदर्शकाने दर तीन महिन्यांनी मास्टर चार्टमधल्या कोणत्याही दहा ओळी निवडून मूळ केसपेपरशी ताडून पाहाव्यात. विद्यार्थ्याला आठवड्यातून अर्धा दिवस प्रबंधासाठी मोकळा मिळावा. सलग ड्युटीनंतर झोपेत भरलेल्या तक्त्याकडून अचूकपणाची अपेक्षा करता येत नाही. अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला म्हणून परीक्षकाने गुण कमी करू नयेत, कारण त्या भीतीपोटीच आकडे वाकवले जातात. पीएचडीचे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतात, तशीच सोय विद्यापीठाने एमडी-एमएसच्या प्रबंधांसाठी करावी. सगळे वाचणार, हे माहीत असले की लिहिणाराही जपून लिहितो.

शेवटचे काम सादरीकरणानंतरचे. प्रत्येक प्रबंधासोबत सोप्या मराठीत एक पानाचा गोषवारा सक्तीचा करावा आणि ज्या वस्तीत किंवा वॉर्डात अभ्यास झाला, तिथे तो वाचून दाखवावा. मोरिवलीतल्या ज्या कामगाराने रोज बुडवून नळीत फुंकर मारली, त्याला आपल्या छातीबद्दल काय कळले, हे विचारण्याचा हक्क आहे. त्याला उत्तर देता आले, तर तीन वर्षांची मेहनत सार्थकी लागली.