एक दार, एक किल्ली, सहा वाटेकरी

इ. स. १४८० मध्ये फेलिक्स फाब्री नावाचा एक ख्रिस्ती साधू जेरुसलेमच्या यात्रेस गेला. जर्मनीतील उल्म नगरातील डोमिनिकन मठात तो राहत असे. समुद्रमार्गाचे सारे हाल सोसून तो तेथे पोहोचला खरा. पण त्या पवित्र भूमीत त्याला राहावयास मिळाले जेमतेम नऊ दिवस. परत आल्यावर आपण काहीच नीट पाहिले नाही, ही रुखरुख त्याला स्वस्थ बसू देईना. म्हणून १४८३ मध्ये तो पुन्हा निघाला आणि या वेळी पाहिलेले सारे त्याने लॅटिन भाषेत सविस्तर लिहून ठेवले.

येशू ख्रिस्ताला जेथे क्रूसावर चढविले आणि जेथे त्याचे दफन झाले, असे परंपरा सांगते, तेथे ‘होली सेपल्कर’ हे प्राचीन चर्च उभे आहे. फाब्रीच्या काळी जेरुसलेमवर इजिप्तच्या मामलुक सुलतानाची सत्ता होती. सरकारी अंमलदार दारापाशी यात्रेकरूंची मोजणी करून त्यांना आत सोडत आणि बाहेरून कुलूप लावत. रात्र आतच काढावयाची. आत लॅटिन, ग्रीक, आर्मेनियन, सीरियन, जॉर्जियन, हबशी अशा निरनिराळ्या पंथांच्या वेगवेगळ्या वेदी होत्या. पवित्र स्थानाचे दगड फोडून नेऊ नयेत, भिंतींवर आपली नावनिशाणी कोरू नये, अशी ताकीद यात्रेकरूंना आधीच देण्यात येई. ती द्यावी लागे, यातच सारे आले. रात्री त्याच छपराखाली मालाची खरेदी-विक्री चाले, याचा फाब्रीला मोठा विषाद वाटला. व्यापार ही आपल्या वाचकांची उपजीविका आहे. तरीही दुकान आणि देऊळ यांच्यामधला उंबरठा ओळखावा लागतो, हे त्यांना वेगळे सांगावयास नको.

फाब्रीचा एक विचार मात्र विशेष मननीय आहे. आज दिसते ती कबर मूळचीच आहे की नंतर बांधलेली, हा प्रश्न त्यालाही पडला. त्याने ती बारकाईने न्याहाळली, जुनी वर्णने पडताळली आणि अखेर असा निष्कर्ष काढला की, दगड मूळचा असो वा नसो, त्याने फारसे बिघडत नाही. जे येथे घडले, ते या जागेशी कायमचे जोडलेले आहे. इतर पंथांविषयी त्याचे मत उदार नव्हते, त्यांना तो वाट चुकलेलेच समजे. परंतु दगडाचा आग्रह त्याने सोडला. त्याच्या मागून आलेल्यांना नेमके तेच जमले नाही.

दगड कोणाचा, पायरी कोणाची, दिवा कोणी लावावयाचा, यावरून पुढे शतकानुशतके भांडणे झाली. अखेर १८५२ मध्ये ऑटोमन सुलतानाने फर्मान काढले की, ज्याच्याकडे जे आहे ते तसेच राहील. ‘जैसे थे’ची ही व्यवस्था आजही चालू आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ तेथे नांदतात. मुख्य दाराची किल्ली मात्र जूदेह या मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. आम्हा बँकवाल्यांना ही रीत परिचयाची आहे. स्ट्राँगरूमची एक किल्ली हेड कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे असते. एकट्याने तिजोरी उघडता येत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो. ठेव दोघांहून मोठी आहे, याची ती कबुली असते.

पण संयुक्त ताब्याने ठेव सुरक्षित राहते, तिची निगा आपोआप होत नाही. दर्शनी भिंतीवरच्या एका खिडकीखाली गेली दोन शतके तरी एक साधी लाकडी शिडी उभी आहे. ती कायमची हलवावयाची तर सर्वांची संमती हवी. २००२ च्या उन्हाळ्यात छतावर बसणाऱ्या एका कॉप्टिक साधूने आपली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटले आणि हाणामारीत अकरा जण जखमी झाले.

सर्वांत कठीण प्रश्न दुरुस्तीचा. ज्याने दुरुस्ती केली, त्याचा हक्क सिद्ध होतो, अशी तेथील समजूत. त्यामुळे खर्च करावयास तयार असणारालाही इतर जण हात लावू देत नसत. कबरीवरची छोटी वास्तू १९२७ च्या भूकंपाने खिळखिळी झाली. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांचा आधार दिला आणि ती तशीच तोलून धरलेली राहिली. २०१५ मध्ये धोका ओळखून पोलिसांनी ती काही तास बंद केली, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन हे तिन्ही प्रमुख पंथ एकत्र आले. जॉर्डनच्या मुस्लिम राजांनीही देणगी दिली. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातील तज्ज्ञांनी २०१६ मध्ये काम हाती घेतले आणि मार्च २०१७ मध्ये ते पूर्ण झाले. हक्क कोणाचाही वाढला नाही, कोणाचाही घटला नाही. वास्तू मात्र वाचली.

हे वाचताना आपल्या वाचकांना वाशीम जिल्ह्यातील शिरपूर आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही १९०५ मध्ये दोन्ही आम्नायांनी पूजेचे वेळापत्रक ठरविले होते. तरीही वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, पुढे मंदिरास कुलूप लागले, आणि मूर्तीच्या लेपासाठी ते उघडले गेले ते २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. कोणाची बाजू खरी, हा या स्तंभाचा विषय नाही. कुलपाच्या त्या चार दशकांत ज्या वृद्धांचे दर्शन राहून गेले, त्यांना निकालाचा काय उपयोग, एवढाच प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न देवळापुरता नाही. नोकरीच्या काळात वाड्याच्या वा पेढीच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागणारे अनेक भाऊ मी पाहिले. कागदपत्रे चोख असत, परतफेडीची ऐपत असे. उणीव असे ती दुसऱ्या भावाच्या सहीची. ‘याने पैसे घातले तर उद्या वाडा आपला म्हणेल’ ही भीती. मग पावसाळ्यागणिक भिंत खचे आणि शेवटी वाटणी होई ती पडक्या जागेची. म्हणून वाटणीपत्रात वा भागीदारीच्या करारात एक वाक्य अवश्य घालून घ्यावे: सामाईक वास्तूच्या रक्षणासाठी जो खर्च करील, त्याला त्याचे पैसे हिशेबाने परत मिळतील; त्यामुळे कोणाचाही हक्क वाढणार नाही अथवा कमी होणार नाही. हक्काचा निर्णय सावकाश होऊ द्यावा. गळके छप्पर तोवर थांबत नाही.